दारात कोन हाय?

पडद्यावर नायक एकटाच गुंडांची टोळी लोळवत होता, पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्यानं मला कोपरानं ढोसून विचारलं, “पाव्हणं, ती दारात हुबी व्हती ती कोन?”

मला काही कळेना. पडद्यावर दार नव्हतंच. गोदाम होतं, पिंपं होती, पिंपांवर आपटणारी माणसं होती.

“कोण बाई?”

“मगाशी ह्यो जेवाय बसला व्हता न्हवं का. आई वाढत व्हती. तिच्या माघं सैपाकघराच्या दारात एक बाई हुबी व्हती. हिरवं पातळ.”

“असेल कोणीतरी.”

“कोनतरी कसं? घर हाय ते. घरात कोनतरी नसतंय. आत्या आसंल, चुलती आसंल, माघारी आलेली भन आसंल.”

मी पडद्याकडे बघत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, “आजोबा, गप बसा की.” आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग आणखी खालच्या आवाजात, पण तितक्याच चिकाटीनं, पुन्हा विचारलं. शेवटी मी वैतागून म्हणालो, “आत्या आहे ती.”

“कुनाची?”

“हिरोची.”

“मग ठीक,” असं म्हणून ते मध्यंतरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मध्यंतरात त्यांनी सदऱ्याच्या खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या, अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, “आत्या न्हाय ती. तुमी आपलं मला गप करायला सांगितलं. पर बघितलं न्हवतं तुमी तिला, व्हय ना?”

शंकरतात्यांची आणि माझी ओळख अशी झाली.

मी बारामतीत ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवतो. कॉलेज सकाळचं. दुपारी घरी आलो की घरात कोणी नसतं. मुलीच्या शिक्षणासाठी बायको तिच्याबरोबर पुण्यात राहते. सुरुवातीला मी दर शनिवारी जायचो, मग पेपर तपासायचे असले की जाणं राहायचं, मग पेपर नसले तरी राहायला लागलं. दुपारच्या खेळाला थिएटरात गर्दी नसते आणि आत एसी असतो. सिनेमाची आवड म्हणून नव्हे, दुपार संपवायला मी तिथं जात होतो. तात्या मात्र तिथं कामाला आल्यासारखे येत. येताना पाय धुऊन, टोपी झटकून, पाहुण्यांच्या बैठकीला जावं तसे.

ते मूळचे सांगवीचे. जन्मभर टोमॅटो, वांगी, काकडी पिकवली. बायको वारल्यावर शेत मुलाच्या, दत्ताच्या, हवाली केलं आणि बारामतीत माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून एक खोली घेऊन राहिले. दत्तानं त्यांना काढलेलं नव्हतं. उलट तो एक दिवसाआड मोटरसायकलवरून दूध आणि भाजी घेऊन यायचा आणि दर वेळी “चला आता घरी” म्हणायचा. तात्या म्हणायचे, “हितं बरंय. हितं मला कोन वळखत न्हाय.”

तिकडे मात्र त्यांना सगळे ओळखत होते. टोमॅटोपेक्षाही तात्यांचं नाव होतं ते सोयरीक जमवण्यात. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतली लग्नं त्यांनी जमवली होती. दलाली म्हणून नव्हे. एक पैसा घेत नसत. नारळ, टोपी, फार तर एक उपरणं. मुलाचं घर बघायला जायचं तर मुलीचा बाप आधी तात्यांना गाडीत घ्यायचा. तात्या गोठा बघत, विहीर बघत, उसाला पाणी कसं दिलंय ते बघत, आणि घरी परतताना सांगत, “द्या,” किंवा “नका देऊ.” त्यावर पुढं कोणी बोलत नसे.

हे काम त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण सवय गेली नव्हती. सिनेमा सुटला की आम्ही एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहाला जायचो आणि तिथं निकाल लागायचा. देशासाठी प्राण देणाऱ्या एका नायकावर सगळं थिएटर रडलं होतं, मीसुद्धा. तात्या बशीत चहा ओतत म्हणाले, “न्हाय देनार ह्याला पोरगी.”

“अहो तात्या, काय वाईट आहे त्याच्यात?”

“वाईट काय न्हाय. पर घरात कुनाशी बोलला का? आईशी बोलला तेबी देशाचंच. बायकूनं इचारलं जेवला का, तर हा खिडकीतनं भाईर बघतोय. आसल्या मानसाच्या घरात बाईनं करायचं काय?”

दुसऱ्या एका सिनेमात त्यांनी खलनायकाच्या ड्रायव्हरला पसंत केलं. त्या ड्रायव्हरला सगळ्या सिनेमात एकच वाक्य होतं. पण पावसात मालकाची लहान मुलगी गाडीतून उतरली तेव्हा त्यानं छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजला. मी हे पाहिलंच नव्हतं. मी मालकाच्या हातातलं पिस्तूल बघत होतो.

“सर,” तात्या म्हणाले, “क्रेट भरताना आमी काय करतो म्हाईत हाय का? चांगला माल वरच्या थराला लावतो. लाल, एकसारखा, पुसून. घेनारा हुशार आसंल तर वर बघत न्हाय. कडेनं हात घालतो आन तळाचा काढतो. हिरो म्हंजे वरचा थर. त्याला काय बघायचं, तो तर पुसूनच ठेवलाय.”

“मग तळाला कोण?”

“दारातली मानसं. ज्यांना कोन बस म्हणत न्हाय ती.”

मी हसलो होतो तेव्हा. पण त्यानंतर मला सिनेमा पूर्वीसारखा बघता येईना. नायक-नायिका बोलत असले की माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागं जायची. पाणी आणून ठेवणारा, ट्रे घेऊन परत जाणारी, लग्नात अक्षता टाकून कोपऱ्यात सरकणारी माणसं. पूर्वी सिनेमा म्हणजे गोष्ट होती. आता तो एक भरलेलं घर झाला आणि त्यात मला कोणीच ओळखीचं नव्हतं. एकटं वाटायचं ते कमी झालं नाही, उलट वाढलं. पण ते एकटेपण निदान कोणाकडे तरी बघत होतं.

एकदा चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, “वैनी काय म्हणत्यात?”

“बरी आहे.”

“बऱ्या हायत हे कसं कळलं?”

“फोनवर बोलतो की रोज.”

“फोनवर मानूस वरच्या थरातलं बोलतंय,” तात्या म्हणाले आणि शेंगांची टरफलं झटकून उठले. मला राग आला होता. राग यायचं कारण असं, की त्या आठवड्यात मी फोनवर “जेवलीस का” याच्या पलीकडे काही विचारल्याचं मला आठवेना.

तात्यांचा निकाल नेहमी बरोबर असायचा असं मुळीच नाही. एका सिनेमात एक डॉक्टर होता. कमी बोलणारा, हळू आवाजाचा, रोग्याच्या उशाशी बसणारा. तात्या मध्यंतरातच म्हणाले, “ह्याला डोळं झाकून द्यावी.” शेवटी कळलं की सगळे खून त्यानंच केले होते. मला तो शेवट जरा बाळबोध वाटला. तात्यांना मात्र उठवेना. दिवे लागले, झाडूवाला आला, तरी ते बसून होते.

टपरीवर त्यांचा चहा तसाच राहिला. साय धरली.

“तात्या, सिनेमा आहे हो.”

“शिनेमा हाय म्हणून वाचली,” ते म्हणाले. “मी देनार व्हतो की त्याला.”

बराच वेळ ते स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्या बघत राहिले. इंदापूरची गाडी गेली तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि मला प्रथमच कळलं की त्यांना एक मुलगी आहे.

मंगल. दत्ताच्या पाठची. तिची सोयरीक तात्यांनी लासुर्ण्याला जमवली होती. दुसऱ्यांच्या मुलींसाठी एकदा बघायचे, तर तिच्यासाठी पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं. बागायत जमीन, ऊस, कारखान्याचे सभासद, ट्रॅक्टर, स्लॅबचं घर. मुलगा निर्व्यसनी. शेजारीपाजारी विचारलं, सगळ्यांनी चांगलं सांगितलं. घरात कधी आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

“बैठकीला बसलो व्हतो,” तात्या म्हणाले. “थोरली सून दारात हुबी व्हती, चहा घिऊन. मी आपली मस्करी केली. म्हणलं, काय गं बाय, जाऊ आणतोय तुला, भांडायची न्हाईस न्हवं? बैठकीतली समदी हसली. ती हसली न्हाय. वर बघितलंबी न्हाय. मला तवाच खटाकलं. पर मी इचारलं न्हाय सर. म्हणलं, मर्यादेची हाय.”

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मंगल माहेरी आली आणि म्हणाली, मला परत धाडू नका. तात्यांनी विचारलं, मारतात का? नाही. जाच आहे का? नाही. दुसरं काही? नाही. मग काय? तर म्हणाली, “तितं माझ्याशी कोन बोलत न्हाय.”

एखादा शब्द मनाविरुद्ध गेला की नवरा बोलणं बंद करायचा. दिवसच्या दिवस. तो बोलत नाही म्हणून सासू बोलत नसे, सासू बोलत नाही म्हणून जाऊ. ताट यायचं, कपडे धुतले जायचे, सगळं वेळेवर. फक्त आवाज नसायचा.

“आन मी हसलो,” तात्या म्हणाले. “मी म्हणलं, एवढंच व्हय? मग झ्याक हाय की. ज्या घरात भांडान न्हाय ते घर सोन्याचं. दुसऱ्या दिशी गाडीवर बसवली आन मीच नेऊन सोडली. कालव्याच्या कडंनं गेलो. वाटंनं ती एक शब्द बोलली न्हाय. मला वाटलं, पटलं तिला.”

त्यानंतर मंगल येत राहिली. दिवाळीला, राखीला, आई गेली तेव्हा. तिनं संबंध तोडले नाहीत, भांडण काढलं नाही. फक्त बापाच्या घरात ती परत कधी बसली नाही. यायची, दारात उभी राहायची. चहा दिला तर उभ्यानं घ्यायची. दत्ताला राखी बांधायची तीसुद्धा उभ्यानंच. मग निघायची.

“बस म्हणालात का कधी?” मी विचारलं.

“एकदा म्हणलो. ती म्हणली, ऱ्हाऊ द्या. मग मी गप बसलो.” त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. “बाकी समद्यांना मी धा येळा इचारतो. तिला एकदाच इचारलं.”

थोड्या वेळानं ते म्हणाले, “मला सांगा सर, मी जलमभर मानसं बघत फिरलो. पर घरात एकटा असतानाचा मानूस मला कवा दिसला? बैठकीत बसलेलाच दिसला. शिनेमात कसंय, त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं तरी आपुन आतच असतो. म्हणून येतो मी.”

पुढं त्यांची नजर जायला लागली. काचबिंदू. थिएटरात त्यांना आधी उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं, मग तेही गढूळ झालं. तरी ते यायचे आणि मी कानात सांगायचो. लोक वैतागायचे, म्हणून आम्ही ते बंद केलं. दत्तानं त्यांच्या खोलीत टीव्ही लावून दिला. रविवारी दुपारी मी जायचो. ते कॉटवर भिंतीला टेकून बसायचे, मी खाली सतरंजीवर. आवाज त्यांना ऐकू यायचा, माणसं मी सांगायची.

मी ते काम मन लावून केलं असं म्हणता येणार नाही. सिनेमातली सगळी माणसं सांगायची म्हटली तर तोंड दुखतं. “लग्न चाललंय,” मी सांगायचो.

“कोन कोन हाय?”

“सगळे आहेत.”

“सगळे म्हंजे? नवरीची धाकटी भन कुठं हाय?”

“दिसत नाही.”

“नीट बघा.”

“नाही हो तात्या.”

“आवो, हाय. मगाशी तिचा आवाज आला. बघा.”

आणि ती असायची. खांबामागं, डोळे पुसत. तात्या समाधानानं मान हलवायचे. “सर, तुमी लई मानसं गाळताय. वरचा थर दावून मला गप करताय.” त्यांचं असंच होतं. “कोणी नाही” हे उत्तर त्यांनी एका फटक्यात कधी मानलं नाही. पुन्हा विचारायचे, शब्द बदलून विचारायचे, तुम्ही खरंच बघेपर्यंत विचारायचे.

त्यांची तब्येत खालावली तो पावसाळा संपतानाचा काळ. दत्ता त्यांना सांगवीला न्यायचं म्हणत होता आणि या वेळी तात्यांनी नाही म्हटलं नव्हतं. शेवटचा रविवार म्हणून मी गेलो. टीव्हीवर कुठलासा प्रवासाचा सिनेमा लागला होता, दोन मित्र जीपमधून कुठंतरी निघाले होते. मी रस्ता सांगत होतो, ढाबा सांगत होतो, ढाब्यावरचं कुत्रंसुद्धा सांगितलं.

तात्यांनी एकदम मान वळवली. “दारात कोन हाय?”

मी सवयीनं टीव्हीकडे बघितलं. तिथं दार नव्हतं; रस्ता होता. मग मी खोलीच्या दाराकडे बघितलं.

चाळिशी गाठलेली एक बाई उंबऱ्याबाहेर उभी होती. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर. नाक आणि जिवणी अगदी तात्यांची. दत्तानं कळवलं असणार. मी उठणार तेवढ्यात तिनं हात वर केला आणि मान हलवली. सांगू नका. तिच्या बांगड्या वाजल्या.

मी म्हणालो, “कोणी नाही, तात्या.”

त्यांनी मान पुन्हा टीव्हीकडे वळवली. मग म्हणाले, “बरं.”

जीप घाटात शिरली. मी घाट सांगायला लागलो. तात्या मधेच, माझ्याशी नव्हे, टीव्हीशीही नव्हे, समोर कुठंतरी बघत बोलले. “दारात कोन न्हाय आसं घर नसतंय. आसंल कोनतरी. आत म्हातारं बसलं आसंल. त्यानं म्हणायला पायजे, बाय, बस. ती म्हणंल, ऱ्हाऊ द्या. तर त्यानं परत म्हणायला पायजे. त्यानं म्हणलंच न्हाय. लाजला. आपलंच चुकलंय म्हणल्यावर मानूस परत इचाराय लाजतंय.” आणि मग, “बाय, बस. हुबं ऱ्हाऊन पाय दुखत्यात.”

मंगलताई उंबऱ्यावर बसल्या. आवाज न करता, भिंतीला हात लावून, हळूच. पिशवी मांडीवर घेतली आणि बापाकडे बघत राहिल्या.

मी गप्प झालो. तात्या म्हणाले, “सांगा की सर, पुढं काय झालं?” मी सांगत राहिलो. दोन मित्र भांडले, एक जण चालत निघाला, दुसऱ्यानं जीप त्याच्या मागं मागं नेली. मला तेवढंच सांगता आलं. उंबऱ्यावरचं माणूस मी सांगितलं नाही. सिनेमा संपायच्या आधी मंगलताई उठल्या, माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेल्या. तात्यांनी पाणी मागितलं. मी दिलं.

त्यानंतर मी सांगवीला त्यांना भेटायला गेलो होतो, एकदा नव्हे. ते अंगणातल्या खाटेवर असायचे, दत्ताची बायको पेज भरवायची. सांगायला जागा होती. “तात्या, त्या दिवशी मंगल आली होती. ती बसली होती,” एवढीच दोन वाक्यं. पण ती सांगायची तर आधी हे सांगावं लागलं असतं, की मी तुमच्याशी खोटं बोललो. शिवाय मंगलताईंनी नको म्हटलं होतं, हेही मी स्वतःला बजावत होतो. मी हवापाण्याचं बोललो. सिनेमा कुठला लागलाय ते बोललो. तात्यांनी विचारलं, “त्यात दारात कोन हाय?” मी म्हणालो, “अजून बघितला नाही.” ते हसले.

मग दत्ताचा फोन आला.

दहाव्याला नदीवरून परतलो आणि अंगणात सतरंजीवर बसलो. बायका आत होत्या. चहा घेऊन मंगलताई आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. माझ्या शेजारी त्यांचे यजमान बसले होते. व्यवस्थित कपड्यांतला, सभ्य माणूस. ते कोणाशीतरी उसाच्या तोडणीचं बोलत होते. चहाचा कप त्यांनी बायकोच्या हातातून घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही. हे मी बघितलं, कारण मला तसं बघायला शिकवलेलं होतं.

मंडळी पांगल्यावर मी तात्यांच्या खाटेशी उभा होतो. मंगलताई जवळ आल्या. “सर, एक इचारू? मी बसले व्हते ते तात्यांना सांगितलं का तुमी? नंतर कवा?”

मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. “हो, सांगितलं, फार बरं वाटलं त्यांना,” हे वाक्य तयारही झालं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

त्या खाटेच्या सुंभावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मीच नगं म्हणले व्हते. तुमचा काय दोस.” आणि थोड्या वेळानं, “पर सर, त्यांनी त्या दिशी ‘दारात कोन हाय’ किती येळा इचारलं?”

“एकदाच.”

“तुमी कोन न्हाय म्हणल्यावर?”

“बरं म्हणाले.”

“मग?” त्या म्हणाल्या. “एकदा इचारून गप बसनारं मानूस व्हतं का ते?”

आणि त्या खाटेवर बसल्या. बापाच्या अंगणात, भर उजेडात, सगळ्यांसमोर. आतून कोणीतरी हाक मारली, यजमानांनी घड्याळ बघितलं, तरी त्या उठल्या नाहीत.

मंगलताईंना खात्री आहे की तात्यांना कळलं होतं. मला तशी खात्री नाही. ते थकले होते. थकलेला माणूस पहिलं उत्तर मानतो. बांगड्या वाजल्या होत्या हे खरं, पण टीव्हीचाही आवाज होता. त्यांच्या शेवटच्या सिनेमातलं एक माणूस मी गाळलं, आणि ज्याची त्यांनी उरलेला सगळा काळ वाट बघितली तेच गाळलं. बाकीचं सगळं सांगितलं. कुत्रंसुद्धा.

गेल्या शनिवारी मी न कळवता पुण्याला गेलो. मुलगी क्लासला गेली होती. मी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात चिमटा होता. तिनं विचारलं, “पोहे करू की जेवणारच आहेस?”

मी तिच्याकडे बघितलं. ती गेली कित्येक वर्षं मला याच दारात उभी राहून हे विचारते आहे.

“बस ना जरा,” मी म्हणालो.

“का? काय झालं?” तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी आली. “डॉक्टरांनी काही सांगितलं का?”

“काही नाही. बस.”

“राहू दे. दूध ठेवलंय गॅसवर.”

मी टीव्ही बंद केला. “बस गं,” मी पुन्हा म्हणालो.

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती येऊन माझ्या समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली, चिमटा हातातच होता, आणि मी काय सांगतो याची वाट बघत राहिली. मग मी तिला तात्यांबद्दल सांगायला सुरुवात केली.